हरकत गेली कुठे?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीच्या वर्गात आम्ही फळ्यावर एक गणित लिहिले. एक किलोचा मातीचा गोळा सेकंदाला ४ मीटर वेगाने उजवीकडे चालला आहे. तेवढाच दुसरा गोळा तेवढ्याच वेगाने डावीकडे चालला आहे. दोघे एकमेकांवर आदळून चिकटतात, तर चिकटलेल्या गोळ्याचा वेग किती? वर्गातल्या बहुतेकांनी उत्तर काढले : ४. चार अधिक चार आठ, भागिले दोन. आम्ही ते लाल खडूने खोडले आणि खाली शून्य लिहिले. दिशा उलट असेल तर चिन्ह उणे धरायचे, असे बजावले आणि पुढच्या गणिताकडे वळलो.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे वडील यंत्रमागावर कामाला, आई घरी बसून विड्या वळणारी. ती आमच्या दखनीत म्हणाली, "दोनो बी तो चल रे थे सर, फिर हरकत गई काँ?"

आम्हांला राग आला, हे आज कबूल केले पाहिजे. अभ्यासक्रम मागे पडला होता, घटक चाचणी तोंडावर आली होती. आम्ही म्हणालो, "ये बोर्ड में नहीं आता. फॉर्म्युला याद करो." ती मुकाट्याने बसली. पण त्या रात्री झोप लागेना. बी.एड.च्या वर्गात आम्हांला पाठाचे टाचण काढायला शिकवले, उद्दिष्टे लिहायला शिकवले. मात्र एखाद्या मुलीने विज्ञानाच्या इतिहासातला एक मोठा प्रश्न सहज विचारला, तर तो ओळखावा कसा, हे त्या टाचणात कुठेच नव्हते. होय, मोठाच प्रश्न. कारण दोन वस्तू आदळल्या की त्यांची गती जाते कुठे, या प्रश्नापाशी युरोपातले थोर तत्त्वज्ञ अडखळले आणि बगदाद, कैरो, हमदान येथल्या आमच्या विद्वानांनीही त्याच्या आसपास बरीच शतके घालवली. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

एका गोष्टीची तीन नावे

आधी शब्दांचे पाहू. वस्तूचे वस्तुमान गुणिले तिचा वेग, या राशीला मराठी पाठ्यपुस्तक 'संवेग' म्हणते. आमचे उर्दू पुस्तक 'मेयार-ए-हरकत' म्हणते. अकरावीला विज्ञान शाखेत गेले की तीच राशी 'मोमेंटम' होऊन भेटते. सोलापूरचे मूल घरी दखनी बोलते, शाळेत किताबी उर्दू वाचते, रस्त्यावर मराठी ऐकते, शेजारी तेलुगू किंवा कानडी असते आणि सोळाव्या वर्षी त्याला एकाएकी इंग्रजीच्या पाण्यात उतरावे लागते. त्यात मराठीत 'हरकत' म्हणजे आक्षेप आणि उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल. मराठी शेजाऱ्याला आमचे मूल 'हरकत का कानून' सांगू लागले, तर त्याला तो कोर्टकचेरीचा मामला वाटायचा!

पण हे उर्दू शब्द आकाशातून पडलेले नाहीत. त्यांच्यामागे माणसांचे कष्ट आहेत. १८४०च्या दशकात दिल्ली कॉलेजात विज्ञानाची पुस्तके उर्दूत आणण्याचे काम चालले होते. मास्टर रामचंद्र हे गणितज्ञ तिथे शिकवत. सर सय्यद अहमद खान यांनी १८६४ साली गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी काढली, ती भाषांतरासाठीच. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत जवळचे म्हणजे हैदराबाद. तिथे १९१७ साली 'दारुत्तर्जुमा' म्हणजे भाषांतरघर सुरू झाले. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख. पाठोपाठ उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले आणि तिथे पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक हे सारे विषय उर्दूतून शिकवले जाऊ लागले. नवे शब्द कसे घडवावेत यावर वहिदुद्दीन सलीम यांनी 'वज़्-ए-इस्तिलाहात' नावाचे अख्खे पुस्तक लिहिले, ते १९२१ साली छापले गेले. सोलापुरातून निघाले की तासाभरात येणारे तुळजापूर आणि नळदुर्ग १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होते. म्हणजे ही शब्दांची टाकसाळ आमच्या वेशीपलीकडच्या राज्यातलीच. १९४८ नंतर उस्मानियात इंग्रजी आली आणि ते काम थांबले. तरी 'जुमूद' म्हणजे जडत्व, 'कमियत' म्हणजे वस्तुमान, 'इसरा' म्हणजे त्वरण, 'तसादुम' म्हणजे टक्कर ही जी परिभाषा आमची मुले आज वाचतात, तिच्यावर त्या पिढीच्या मेहनतीची छाप आहे.

संवेगाच्या नियमाला मराठी पुस्तकात 'संवेग अक्षय्यतेचा नियम' असे नाव आहे. उर्दूत त्याला 'बका-ए-मेयार-ए-हरकत' म्हणतात. 'अक्षय्य' म्हणजे जे क्षय पावत नाही ते. 'बका' म्हणजे जे उरते ते. फना आणि बका ही जोडी आमच्या मुलांनी घरात, कव्वालीत, वाजमध्ये ऐकलेली असते. म्हणून तर त्या मुलीला प्रश्न पडला. बका आहे म्हणता, मग शून्य कसे?

इब्न सीना आणि इब्न हैसम

आमच्या समाजात दोन आजार आहेत. एक म्हणजे, विज्ञान आपले नाहीच, ते परक्यांचे, असे मानून खाली मान घालणे. दुसरा म्हणजे, सारे शोध आपल्याच पूर्वजांनी लावले होते, असे जलशात ठणकावून सांगणे. दोन्हींमध्ये अभ्यास मात्र कुणालाच करावा लागत नाही. तेव्हा आमच्या विद्वानांनी नेमके काय केले, तेवढेच सांगावे, कमी नाही आणि जास्तही नाही.

फेकलेला दगड हातातून सुटल्यावर पुढे का जातो, हा जुना प्रश्न. अरस्तूचे म्हणणे होते की मागची हवा त्याला ढकलते. सहाव्या शतकात इस्कंदरियाच्या जॉन फिलोपोनसने ते नाकारले. फेकणारा दगडातच काही तरी भरतो, असे तो म्हणाला. इब्न सीनाने (९८०-१०३७) 'किताबुश्शिफा'मध्ये हा विचार पुढे नेला. वस्तूत जे भरले जाते त्याला तो 'मैल' म्हणतो, म्हणजे कल, ओढ. आणि तो असे म्हणतो की निर्वात पोकळीत फेकलेली वस्तू कधीच थांबणार नाही, कारण तिचा मैल नाहीसा करणारे तिथे काहीच नाही. वाचताना अंगावर काटा येतो, कारण न्यूटनचा पहिला नियम हाताच्या अंतरावर दिसतो. पण पुढचे वाक्य वाचल्यावर थांबावे लागते. इब्न सीना म्हणतो, असे न थांबणारे काही आपल्याला दिसत नाही, अर्थात पोकळी अस्तित्वातच नाही! दारापर्यंत येऊन त्याने ते बाहेरून लावून घेतले. बाराव्या शतकात बगदादच्या अबुल बरकातने पडणाऱ्या वस्तूचा वेग का वाढत जातो याचा उलगडा मैलाच्याच भाषेत केला. चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदानने द्रव्याचे प्रमाण आणि वेग यांच्या गुणाकाराची भाषा केली. धागा एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात सरळ गेला असा दावा करण्याची गरज नाही. प्रश्न एकच होता आणि तो सगळ्यांचा होता, एवढे पुरे.

टक्करीच्या बाबतीत मात्र आम्हांला इब्न हैसम (सुमारे ९६५-१०४०) अधिक जवळचा वाटतो. बसऱ्यात जन्मलेला हा माणूस कैरोत राहून 'किताबुल मनाजिर' हा प्रकाशावरचा ग्रंथ लिहीत होता. आरशावरून प्रकाश परततो कसा, हे समजावताना त्याने लोखंडी आरशावर आदळणाऱ्या छोट्या गोळ्याचे उदाहरण घेतले. गोळा सरळ आदळला तर आल्या वाटेने परततो. तिरपा आदळला तर तेवढाच तिरपा होऊन पलीकडे जातो. का? कारण त्याच्या गतीचे दोन भाग आहेत, एक आरशाला लंब, दुसरा आरशाला समांतर. टक्कर फक्त पहिल्या भागाला उलटवते, दुसरा तसाच राहतो. आणखी एक उदाहरण त्याने दिले. भोकावर पातळ पाटी ठेवून लोखंडी गोळा सरळ मारला तर पाटी फोडून तो आत जातो. तिरपा मारला तर तसे होत नाही.

वाचकहो, कॅरमवर रिबाउंड मारणारा आमच्या मोहल्ल्यातला कोणताही पोरगा हेच करतो. स्ट्रायकर कडेला जेवढा तिरपा लागेल तेवढाच तिरपा परतेल, या हिशेबावर त्याची सोंगटी जाते. गतीची अशी फोड करणे आणि दिशेचा वेगळा हिशेब ठेवणे हीच टक्करीच्या गणिताची निम्मी किल्ली आहे. ती हजार वर्षांपूर्वी अरबीत लिहिली गेली. तिचे लॅटिन भाषांतर १५७२ साली छापले गेले आणि पुढे देकार्तने १६३७ साली प्रकाश समजावताना टेनिसचा चेंडू वापरला, तो याच वाटेने. पण संवेगाचा नियम इब्न हैसमने मांडला नाही. दोन गोळ्यांचा एकत्र हिशेब त्याने केला नाही. हेही मुलांना सांगितले पाहिजे.

परंड्याची तोफ आणि १६८६ साल

आता सोलापूरकडे येऊ. आमचा भुईकोट किल्ला निजामशाही आणि आदिलशाही यांच्या भांडणाचे जुने कारण. हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली, तेव्हा हा किल्ला आंदण म्हणून दिला गेला. या दोन दरबारांच्या ओढाताणीतली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे मलिक-ए-मैदान तोफ. १५४९ साली ती अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिराने ओतली. वजन सुमारे ५५ टन. नंतर ती परंड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ साली विजापूरला नेली गेली. आजच्या विजयपुरात शेरजा बुरुजावर ती आहे. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्यात सापडलेला हत्ती. शाळेची सहल तिथे गेली की मुले तिच्यावर हात फिरवतात आणि गरम आहे की गार ते पाहतात.

आम्ही मात्र तिच्यावर गणित घालतो. तोफ ५५,००० किलो. गणितापुरता गोळा २७५ किलोचा आणि वेग सेकंदाला २०० मीटर धरू. बार होण्यापूर्वी दोघे स्थिर, म्हणजे एकूण संवेग शून्य. बार झाल्यावर गोळ्याचा संवेग २७५ गुणिले २००, म्हणजे ५५,००० पुढे. एकूण शून्यच राहायचे असेल तर तोफेला ५५,००० मागे जावे लागेल. तिच्या वजनाने भागले की उत्तर येते सेकंदाला १ मीटर. ५५ टन धातू सेकंदाला एक मीटर वेगाने मागे सरकू पाहतो! तो धक्का बुरुजाने सोसायचा. मुलांचे डोळे इथे मोठे होतात. आणि इथेच त्या मुलीच्या प्रश्नाचे पहिले उत्तरही आहे. शून्य म्हणजे काही नाही असे नव्हे. शून्य म्हणजे समोरासमोर उभे असलेले दोन सारखे हिस्से. मातीच्या गोळ्यांचा एकूण संवेग टक्करीनंतर शून्य झाला नाही, तो टक्करीआधीही शून्यच होता. एक अधिक चार, दुसरा उणे चार. आम्ही मुलीला फक्त उणे चिन्ह दिले, त्याचा अर्थ दिला नाही.

तोफेवरून एक सल मनात राहतो. १६८५ साली औरंगजेबाची छावणी सोलापुरात पडली आणि पुढल्या वर्षी, सप्टेंबर १६८६मध्ये, विजापूर पडले. त्याच १६८६ साली लायबनिट्झ नावाचा जर्मन विद्वान एक छोटा लेख छापून देकार्तची गतीविषयीची चूक दाखवत होता. १६८७ साली गोवळकोंडा पडला आणि त्याच वर्षी लंडनला न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' बाहेर आला. आमच्याकडे विद्येची आवड नव्हती असे मुळीच नाही. त्याच दरबारातल्या दानिशमंद खान या अमिराच्या पदरी असलेल्या फ्रेंच वैद्य बर्नियेने, आपण आपल्या मालकासाठी गसेंदी आणि देकार्त यांचे तत्त्वज्ञान फारसीत उतरवले, असे लिहून ठेवले आहे. म्हणजे १६६०च्या दशकात देकार्त हिंदुस्थानात पोहोचला होता. पण तो एका अमिराच्या दिवाणखान्यात पोहोचला. मदरशात, पाठशाळेत किंवा तोफ ओतणाऱ्यांच्या कारखान्यात नव्हे. आमच्या मते फरक बुद्धीचा नव्हता, ज्ञान कुणापर्यंत जाते याचा होता.

मोठ्यांच्या चुका

त्या देकार्तनेही काय केले ते पाहा. १६४४ साली त्याने टक्करीचे सात नियम लिहिले. देवाने जगात घातलेली गती कायम राहते, हा त्याचा आधार. विचार मोठा होता. पण गती मोजताना त्याने दिशा धरली नाही, केवळ आकार गुणिले वेग. थोडक्यात, आमच्या नववीच्या मुलांनी चार अधिक चार आठ केले, त्याच जातीची ही चूक! त्यामुळे त्याचे बहुतेक नियम चुकले. चौथा नियम तर असा की लहान वस्तू कितीही वेगाने आली, तरी स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूला हलवू शकत नाही. गोट्या खेळणारे पाच वर्षांचे पोर हे ऐकून हसेल.

ही चूक दुरुस्त झाली ती १६५०च्या दशकात, ख्रिस्तियान हायगेन्स या डच तरुणाच्या हातून. त्याची युक्ती इतकी साधी की आम्ही ती सोलापूर-पुणे रेल्वेत बसवून सांगतो. तुम्ही डब्यात बसला आहात. दोन सारखे चेंडू सारख्याच वेगाने समोरासमोर येतात, आदळतात आणि तसेच मागे फिरतात. यात नवल नाही. आता समजा गाडीही त्याच वेगाने उजवीकडे चालली आहे आणि कुणी तरी प्लॅटफॉर्मवरून पाहतो आहे. त्याला एक चेंडू स्थिर दिसेल आणि दुसरा दुप्पट वेगाने येताना दिसेल. टक्कर झाल्यावर आलेला चेंडू जागच्या जागी थांबेल आणि स्थिर होता तो दुप्पट वेगाने पळेल. टक्कर एकच, बघणारे दोन. हायगेन्सने रेल्वेच्या जागी होडी आणि प्लॅटफॉर्मच्या जागी कालव्याचा काठ घेतला होता, इतकाच फरक. कॅरमवर एक सोंगटी दुसऱ्या सोंगटीला नेमकी समोरून लागली की पहिली थबकते आणि दुसरी सुटते, त्याचे कारण हेच.

स्ट्रायकर मात्र थबकत नाही, थोडा पुढे जातो, कारण तो जड असतो. स्ट्रायकर १५ ग्रॅमचा आणि सोंगटी ५ ग्रॅमची धरा. स्ट्रायकर सेकंदाला २ मीटर वेगाने नेमका समोरून लागला, तर हिशेबाने तो १ मीटर वेगाने पुढे जाईल आणि सोंगटी ३ मीटर वेगाने सुटेल. ताळा करा. आधी १५ गुणिले २, म्हणजे ३०. नंतर १५ गुणिले १ आणि ५ गुणिले ३, म्हणजे १५ अधिक १५, तेही ३०. आता वेगाचा वर्ग घेऊन पाहा. आधी १५ गुणिले ४, म्हणजे ६०. नंतर १५ गुणिले १ आणि ५ गुणिले ९, म्हणजे १५ अधिक ४५, पुन्हा ६०. हा दुसरा ताळा हायगेन्सच्या लक्षात आला होता. खऱ्या बोर्डावर आवाज होतो, थोडी ऊब तयार होते आणि दुसरा ताळा थोडा कमी भरतो. पहिला मात्र टक्करीच्या क्षणी पक्का असतो.

लंडनच्या रॉयल सोसायटीने १६६८ साली हा प्रश्न विद्वानांपुढे ठेवला. वॉलिस, रेन आणि हायगेन्स यांची उत्तरे काही आठवड्यांच्या अंतराने आली. वॉलिसने चिकटणाऱ्या मऊ वस्तूंचे सांगितले, रेन आणि हायगेन्सने उसळणाऱ्या टणक वस्तूंचे. दिशेप्रमाणे गती मिळवायची किंवा वजा करायची, हे तेव्हा नक्की झाले. न्यूटनने नंतर दोऱ्याला टांगलेले लोकरीचे, बुचाचे, पोलादाचे आणि काचेचे गोळे आदळवून पाहिले. काचेचे गोळे १६ने जवळ आले तर १५ने दूर जात, लोकरीचे ९ने आले तर ५ने. उसळी प्रत्येकाची वेगळी. संवेगाचा हिशेब मात्र सगळीकडे जुळला.

मद्रासच्या किनाऱ्यावरची कबर

पाठ्यपुस्तकातले एक गणित मुलांना हमखास फसवते. टांगलेल्या लाकडी ठोकळ्यात बंदुकीची गोळी रुतते आणि ठोकळा गोळीसह वर उचलला जातो, तर गोळीचा वेग किती? गोळी १० ग्रॅम, ठोकळा आणि गोळी मिळून २ किलो, उंची २० सेंटिमीटर. गुरुत्व त्वरण १० धरू. हुशार मूल ऊर्जेचा नियम आरंभापासून शेवटपर्यंत लावते आणि उत्तर काढते सेकंदाला सुमारे २८ मीटर. एवढ्या वेगाची गोळी म्हणजे मोटारसायकल झाली!

गणिताचे दोन तुकडे करावे लागतात. उंचीवरून आधी टक्करीनंतरचा वेग काढा, तो येतो २ मीटर. इथे ऊर्जा चालते. मग टक्करीपाशी या, इथे फक्त संवेग चालतो. २ गुणिले २ म्हणजे ४, भागिले ०.०१, म्हणजे सेकंदाला ४०० मीटर. गोळीपाशी ८०० ज्यूल ऊर्जा होती, उरली ४. बाकीची ७९६ ज्यूल लाकूड फाटण्यात आणि तापण्यात गेली. त्या मुलीच्या प्रश्नाचे दुसरे उत्तर हे. मातीचे गोळे चिकटले तेव्हा संवेग कुठेच गेला नाही, पण गतीची ऊर्जा मात्र गेली. दोन्ही गोळ्यांची मिळून १६ ज्यूल ऊर्जा माती चेपण्यात आणि ऊब होण्यात गेली. १८४०च्या दशकात जूलने उष्णतेचा हिशेब मांडला, तेव्हा कुठे हे कोडे नीट सुटले. म्हणजे तिच्या प्रश्नाला युरोपालाही देकार्तपासून दोनशे वर्षे लागली. आम्ही तिला दोन मिनिटे दिली नव्हती.

आणि हे ठोकळ्याचे गणित आले कुठून? बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रजाने १७४२ साली तोफगोळ्यांवर पुस्तक लिहिले, त्यात ही वेग मोजण्याची रीत आहे. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला हिंदुस्थानातल्या आपल्या किल्ल्यांच्या बांधणीसाठी मुख्य इंजिनिअर नेमले आणि १७५१ साली मद्रासच्या दक्षिणेला, फोर्ट सेंट डेव्हिड इथे तो वारला. त्याची माती इथलीच झाली. जगातल्या मोठ्यात मोठ्या तोफांपैकी एक अहमदनगरला ओतली गेली, त्याला तेव्हा दोनशे वर्षे झाली होती. तोफ आमच्याकडे होती, तिच्या गोळ्याचा वेग मोजण्याची वही कंपनीकडे होती. पुढे काय झाले ते इतिहासाच्या तासाला शिकवतात. आम्हांला वाटते, ते विज्ञानाच्या तासालाही शिकवावे.

धोट्याचा हिशेब

त्या प्रसंगानंतर आम्ही शिकवण्याची रीत बदलली. आता सूत्र शेवटी येते. आधी चित्र : टक्करीआधीचे एक, नंतरचे एक. मग बाण : उजवीकडचा अधिक, डावीकडचा उणे, आणि ही दिशा गणित संपेपर्यंत बदलायची नाही. मग प्रश्न : बाहेरून कुणी ढकलते आहे का? नसेल तर संवेगाचा ताळा. चिकटल्या की उसळल्या? ऊर्जेचा ताळा लावायचा की नाही, ते त्यावरून ठरते. उत्तर आल्यावर शेवटचा प्रश्न : हे खरे वाटते का? मोटारसायकलच्या वेगाची गोळी इथे पकडली जाते.

उदाहरणे घरातली घेतो. सोलापूरचे यंत्रमाग अजून बऱ्याच ठिकाणी धोट्यावर चालतात. धोटा इकडून मार खाऊन तिकडे जातो आणि तिकडे थांबतो, दिवसभर. धोटा ४०० ग्रॅमचा आणि वेग सेकंदाला १० मीटर धरला, तर संवेग ४. तो एका सेकंदाच्या शंभरातल्या चार भागांत थांबला तर १०० न्यूटन बल लागते. हजारातल्या चार भागांत थांबला तर १,००० न्यूटन. धोटा मागातून उडाला आणि माणसाला लागला, तर हाड का मोडते ते मुलांना लगेच कळते. त्यांच्यापैकी काहींनी ते घरी पाहिलेले असते. मग वर्गात थोडा वेळ कुणी बोलत नाही. आम्हीही बोलत नाही.

फळ्यावर आता तीन रकाने असतात : मेयार-ए-हरकत, संवेग, मोमेंटम. तसादुम, टक्कर, कोलिजन. एकच गोष्ट, तीन दारे. अकरावीला जाताना दार बदलले तरी घर तेच आहे, एवढे मुलांच्या मनात बसले तरी पुष्कळ. उर्दू माध्यमाच्या शिक्षक बंधुभगिनींना आमची विनंती आहे की प्रत्येक धड्याची अशी त्रिभाषिक यादी करा. उस्मानियातल्या लोकांनी तर शब्दच नव्याने घडवले. आपल्याला फक्त ते शेजारी शेजारी लिहायचे आहेत.

ती मुलगी दहावी झाली, विज्ञान शाखेत गेली. पहिल्या काही आठवड्यांनंतर इंग्रजी पुस्तक घेऊन शाळेत आली. डोळे भरलेले होते. म्हणाली, "समझता सब सर, बोलने को नहीं आता." घरी शिक्षण थांबवण्याची भाषा सुरू झाली होती. आम्ही पुस्तक उघडले, तर पान टक्करीचेच होते. तिच्यासमोर कोरा कागद ठेवला, तीन रकाने आखले आणि म्हणालो, "तू नववीत एक सवाल पूछी थी. हमने उस दिन जवाब नहीं दिया."

तिला तो प्रश्न आठवत होता. त्या दुपारी आम्ही कागदावर दोन मातीचे गोळे काढले. वडिलांशी बोलायला आम्ही संध्याकाळी विजापूर वेशीकडे गेलो. माग चालू होता, त्यामुळे मोठ्याने बोलावे लागले. ते म्हणाले, "पढने दो उसको, हमारी क्या हरकत है?" त्यांच्या तोंडून तो शब्द त्या दिवशी मराठी अर्थाने आला. ती आजही शिकते आहे.